मुलांच्या मनावरील भेदभावाचा घाव : एका विद्यार्थिनीचा अभ्यास

भेदभावामुळे माणसाचे शिक्षण अडते, मिळकत बुडते, राहावयास घर मिळत नाही, हे आपणांस डोळ्यांनी दिसते. त्याने मनाचे काय होते हे मात्र दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते समाजापुढे वा न्यायालयापुढे मांडणे फार कठीण असते. हे कठीण काम पद्धतशीरपणे करणाऱ्यांत मेमी फिप्स क्लार्क या कृष्णवर्णीय अमेरिकन विदुषीचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. आपल्या मंडळ्यांतील महाविद्यालयीन तरुण-तरुणी उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या सामाजिक प्रश्नाची पाहणी हाती घेतात. त्यांनी हे उदाहरण बारकाईने अभ्यासावे.

मेमीबाईंचा जन्म १९१७ साली आर्कान्सा राज्यातील हॉट स्प्रिंग्ज येथे झाला. वडील डॉक्टर होते, घरी काही उणे नव्हते. तरी शाळा मात्र कातडीचा रंग पाहूनच ठरे. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात त्या गणित शिकण्यास गेल्या आणि केनेथ क्लार्क यांच्या आग्रहावरून मानसशास्त्राकडे वळल्या. हेच केनेथ पुढे त्यांचे पती झाले. १९३८ साली पदवी मिळाल्यावर त्या उन्हाळ्यात मेमीबाईंनी विल्यम ह्यूस्टन या वकिलांच्या कचेरीत चिटणिशीचे काम केले. वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यांची तयारी तेथे चालत असे. त्यातूनच पुढील अभ्यासाची दिशा त्यांना गवसली. बालवाडीच्या वयातील कृष्णवर्णीय मुलांना आपण कोण आहोत याची जाणीव केव्हा व कशी होते, हा १९३९ साली त्यांच्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय झाला.

त्याच धाग्यावर पतिपत्नींनी केलेली बाहुल्यांची चाचणी जगप्रसिद्ध आहे. तिचा सविस्तर वृत्तांत १९४७ साली छापला गेला. तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे चार बाहुल्या ठेवल्या : दोन तपकिरी, दोन गोऱ्या, रंग सोडल्यास बाकी घडण सारखीच. खेळावयास कोणती आवडेल, छान कोणती, वाईट कोणती दिसते, असे आधी विचारले. तुझ्यासारखी कोणती, हे अगदी शेवटी. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा. तपकिरी बाहुली आपल्यासारखी आहे असे एकदा सांगून बसलेले मूल पुढे तिचीच बाजू घेते, मग त्याची खरी आवड कळत नाही, असे आधीच्या चाचपणीत आढळले होते. प्रश्नांचा क्रम बदलला की उत्तर बदलते, हे नव्या अभ्यासकाच्या सहसा लक्षात येत नाही.

दोनतृतीयांश मुलांना खेळण्यासाठी गोरी बाहुली हवी होती. वाईट दिसणारी म्हणून ५९ टक्के मुलांनी तपकिरी बाहुलीकडे बोट दाखविले. आणि मग शेवटचा प्रश्न आला, तेव्हा दोन मुले हुंदके देत खोलीबाहेर पळाली. त्यांची समजूत घालता येईना. टक्केवारी आपण विसरून जाऊ, पण ही दोन मुले विसरता येत नाहीत.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभागणी घटनाबाह्य ठरविली आणि निकालाच्या अकराव्या तळटिपेत केनेथ क्लार्क यांच्या १९५० च्या निबंधाचा आधार दिला. येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. गोऱ्या बाहुलीची ओढ दक्षिणेतील विभक्त शाळांतल्या मुलांपेक्षा उत्तरेतील मिश्र शाळांतल्या मुलांत अधिक दिसली होती. तेव्हा केवळ विभक्त शाळेनेच हा घाव केला असे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही, हा टीकाकारांचा आक्षेप खोटा म्हणता येणार नाही. माझ्या मते त्यावरून इतकेच निघते की घाव एकट्या शाळेचा नव्हता. घर, रस्ता, दुकान, चित्रांची पुस्तके या सर्वांतून तो होत होता. निकाल न्याय्य होता म्हणून त्यामागील प्रत्येक पुरावा भक्कम मानण्याचे कारण नाही.

(मेमीबाईंनी १९४३ साली कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेट मिळविली. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात शिकले तेच हे विद्यापीठ. मेमीबाईंचे मार्गदर्शक हेन्री गॅरेट यांनी पुढे व्हर्जिनियातील खटल्यात विभक्त शाळांच्या बाजूने साक्ष दिली!)

आता आपल्याकडे वळू. जातीमुळे, धर्मामुळे वा रंगामुळे ज्यांना हिणविले गेले त्यांना प्रश्न विचारणे म्हणजे जुन्या जखमेला हात लावणे होय. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलांवरील संशोधनास पालकांची संमती लागतेच. शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी व त्यापुढे १८ वर्षांपर्यंत लेखी होकार घ्यावयाचा असतो. मंडळीच्या ओळखीवर घरोघर जाऊन प्रश्नावली भरून घेणाऱ्यास हे सोपस्कार जाचक वाटतील. पण ओळखीच्या माणसाला नाही म्हणणे अधिकच अवघड असते, म्हणून तेथे हे अधिकच पाळावे. पाळकसाहेबांनी सांगितले म्हणून दिलेला होकार हा होकार नव्हे. नाव लिहू नये; लहान गावात तर व्यवसाय आणि वय एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, हेही पाहावे. बोलता बोलता कोणाला रडू कोसळले तर वही मिटावी. पुढे कोठे जावे हे सांगण्याची तयारी आधीच असावी. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर भारतीय भाषांतून सल्ला देते, तो क्रमांक प्रत्येकाच्या हाती द्यावा.

क्लार्क पतिपत्नी केवळ प्रबंध लिहून थांबली नाहीत. मेमीबाईंच्या वडिलांकडून ९४६ डॉलर उसने घेऊन १९४६ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात एका इमारतीच्या तळघरात मुलांसाठी नॉर्थसाइड हे केंद्र उघडले. मंदबुद्धी ठरवून वेगळ्या वर्गात टाकलेली मुले पालक तेथे घेऊन येत. पुन्हा तपासणी केली असता त्यांतील अनेक मुले मंदबुद्धी नव्हतीच असे आढळे. मेमीबाई १९७९ पर्यंत या केंद्राच्या संचालिका होत्या.