मुखत्यारपत्राचे तीन महिने

माझे मामा मस्कतला असतात. बेळगावातील फ्लॅटच्या खरेदीखतावर त्यांच्यावतीने आजोबांनी सही करायची, तर मुखत्यारपत्र हवे, कन्नडात अधिकारपत्र. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे परदेशस्थाने ते तेथील नोटरी किंवा भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यासमोर करून द्यावे लागते. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे असते. वकिलातीचा शिक्का आहे, आता काळजी कसली, म्हणून आजोबांनी कागद कपाटात ठेवला आणि मुदत टळली! मामांनी दुसरा पाठविला. त्यात फ्लॅट कोणता, रक्कम कितीपर्यंत, हे स्पष्ट लिहिले. मोघम अधिकार घातक, मग माणूस घरचा का असेना. शिवाय मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात तेच सांगितले. सही आजोबांची, पण नोंदविलेल्या खरेदीखतात खरेदीदार मामाच.