साखर नॉर्मल आहे ना, मग झालं?

उंची 158 सेंटिमीटर, वजन 56 किलो. मला कुणी कधी ‘जरा बारीक व्हा’ म्हटलं नाही. उलट हळदीकुंकवाला बायका ‘काही खाता की नाही’ असंच विचारायच्या. त्यामुळे शाळेतल्या आरोग्य शिबिरात रिपोर्टवर ‘ठीक’ असा शेरा पडला, त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. उपाशीपोटीची साखर 97, एकूण कोलेस्टेरॉल 184, दोन्ही मर्यादेत. त्याच कागदावर ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 212 आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) 36 असंही छापलेलं होतं. शेरा मारणाऱ्याची नजर तिथवर गेलीच नव्हती.

पुढे खोकल्यासाठी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, “बाई, जरा मान वळवा बघू.” मानेमागे काळसर, जाडसर पट्टा होता. तो साखळीमुळे पडलेला डाग असं समजून मी बेसन आणि लिंबू लावून घासायचे. रक्तात इन्शुलिन फार काळ जास्त राहिलं की मानेवर, काखेत कातडी अशी होते. घासून ती उजळत नाही. सोनोग्राफीत यकृतावर चरबीही दिसली.

होतं असं, की पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात. स्वादुपिंड मग जास्त इन्शुलिन सोडून साखर ताब्यात ठेवतं, आणि कित्येक वर्षं रिपोर्टात ‘नॉर्मल’ येत राहतं. तिकडे चरबीच्या पेशींतून सुटलेली चरबी यकृताकडे येते, जास्तीच्या साखरेचीही तिथे चरबी बनते, आणि यकृत ती ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात सोडतं. ट्रायग्लिसराइड चढलं की एचडीएल उतरतं. म्हणून हे दोन आकडे जोडीनेच वाचायचे. पहिल्याला दुसऱ्याने भागून उत्तर तीनच्या वर आलं तर शंका घ्यावी. माझं जवळपास सहा होतं. अर्थात हा इशारा झाला, निदान नव्हे.

‘पण मी तर बारीक!’ याचं उत्तर पुण्यातच सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांची तुलना 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2 टक्के. वजनकाट्याला हे कळत नाही. शिंप्याची टेप जास्त उपयोगी: शेवटची फासळी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून माप घ्यायचं. आपल्याकडे बायकांना 80 आणि पुरुषांना 90 सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. माझी कंबर 86 भरली.

घरात कळताच तुपाचा डबा फडताळात गेला. चहाबरोबरची बिस्किटं आणि संकष्टीची साबुदाणा खिचडी मात्र कुणालाच खटकली नाही! ट्रायग्लिसराइड बहुतेक वेळा वाढतं ते साखर, मैदा, साबुदाणा, वाटीवर वाटी भात आणि (घेणाऱ्यांच्या बाबतीत) दारू यांनी. याचा अर्थ तळणावर ताव मारावा असा नव्हे. मी बिनसाखरेचा चहा घेऊ लागले, ताटात भात कमी करून उसळ वाढवली, उपासाला भगरही बेताची ठेवली. जेवणानंतर चालणं आणि आठवड्यातून काही वेळा वजनं उचलून व्यायाम, कारण जेवणातली साखर सगळ्यात जास्त खर्ची पडते ती स्नायूंमध्ये. पुढच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड 138, एचडीएल 41. एचडीएल हळू चढतं, धीर सोडू नये.

रक्त द्यायला दहा-बारा तास उपाशीपोटी जा. आदल्या रात्री लग्नाची पंगत नको. ट्रायग्लिसराइड वरखाली होतं, म्हणून एका आकड्यावरून घाबरून न जाता तपासणी पुन्हा करा. थायरॉइड आणि चालू औषधं यांमुळेही ते वाढू शकतं. आकडा 500 च्या वर असेल तर मात्र थांबू नका, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, लगेच डॉक्टर गाठा.

आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल, तर तुमचा शेवटचा रिपोर्ट कपाटातून काढा. ट्रायग्लिसराइड 150 च्या वर, किंवा एचडीएल बायकांत 50 च्या आणि पुरुषांत 40 च्या खाली दिसलं, तर शेरा काहीही असो, तो कागद डॉक्टरांना दाखवा आणि या दोन आकड्यांबद्दल स्पष्ट विचारा.