फ्यूजवरचे दोन आकडे

डिसेंबरातली सकाळ होती. नाशिकच्या आमच्या जुन्या घरात बादलीत पाणी तापवायचा रॉड लावला होता, शेजारी इस्त्री सुरू होती, आणि लाइट गेले. आठवड्यात तिसऱ्यांदा फ्यूज उडाला होता. दुकान उघडेपर्यंत थांबायचे सोडून मी जुन्या केबलमधले तांब्याचे चार पदर पिळले, किटकॅटच्या, म्हणजे तार बसवायच्या चिनी मातीच्या फ्यूजच्या, स्क्रूखाली आवळले. त्यानंतर फ्यूज उडालाच नाही. पंधरा दिवसांनी मात्र रॉड, इस्त्री आणि हीटर एकदम चालू असताना स्वयंपाकघरातल्या वायरिंगच्या लाकडी पट्टीतून धूर निघाला. आईने धावत जाऊन मेन स्विच बंद केला, म्हणून घर वाचले. पट्टी उघडली तर आतल्या वायरचे आवरण कोळसा झाले होते.

त्या दिवसाचा हिशेब साधा आहे. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. आपल्याकडे घरात 230 व्होल्ट येतात. त्यामुळे 1500 वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो, 1000 वॅटची इस्त्री सव्वाचार आणि 2000 वॅटचा हीटर पावणेनऊच्या आसपास. बेरीज साडेएकोणीस अँपिअर. वायर होती दिवे-पंख्यांसाठी टाकलेली, बारीक. किटकॅटमध्ये मूळची तार 5 अँपिअरची होती. अशी तार 5 अँपिअरला लगेच वितळत नाही, सुमारे दुप्पट प्रवाहाला वितळते. म्हणून एकटा रॉड चालायचा, जोडीला इस्त्री आली की फ्यूज उडायचा. तो वायरला वाचवत होता, आणि मी त्यालाच बाजूला सारले होते.

फ्यूज आधी भिंतीतल्या वायरसाठी असतो, ही गोष्ट अनेक घरांत माहीतच नसते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह दुप्पट झाला की वायर चौपट तापते.

फ्यूजवर व्होल्टचाही आकडा असतो, आणि त्याचे काम वेगळे आहे. तार वितळते तेव्हा दोन टोकांच्या मधल्या फटीत ठिणगीची कमान उभी राहते. ती कमान किती व्होल्टपर्यंत सुरक्षितपणे विझेल, हे तो आकडा सांगतो. गाडीतला काचेचा फ्यूज 32 व्होल्टचा असू शकतो आणि दिसायला स्टॅबिलायझरमधल्या 250 व्होल्टच्या फ्यूजसारखाच असतो. तो घरच्या विजेवर लावला तर कमान विझणार नाही, काच फुटेल. उलट 250 व्होल्टचा फ्यूज कमी व्होल्टवर चालतो. थोडक्यात, व्होल्टचा आकडा जास्त असला तरी हरकत नाही. अँपिअरचा आकडा मात्र उपकरणावर किंवा बोर्डावर लिहिला आहे तोच हवा. काचेच्या जागी वाळू भरलेला चिनी मातीचा फ्यूज दिला असेल, तर बदलतानाही तसाच घ्यावा. मोठ्या शॉर्टसर्किटचा प्रवाह तोडण्याची ताकद त्यात जास्त असते.

किटकॅट जाऊन एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाहाला आपोआप पडणारे स्विच, आल्या, तरी चूक तीच होते. एसी लावल्यावर 16 अँपिअरची एमसीबी वारंवार पडते, म्हणून कोणीतरी 32 ची बसवतो आणि वायर तीच ठेवतो. साधारणपणे दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला 10 आणि अडीचच्या वायरला 16 अँपिअरची एमसीबी धरतात. गिझर, एसीसाठी वेगळी जाड वायर लागते. एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल, तर आधी लोड मोजावा, मग वायरमनकडून वायर आणि जोड तपासून घ्यावेत. फ्यूजला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा आणि टेस्टर आधी चालू सॉकेटवर पारखून मगच त्यावर भरवसा ठेवावा. शॉकपासून बचाव हे फ्यूजचे काम नव्हे. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी वेगळी बसवावी लागते.

आमच्या घराचे वायरिंग त्याच महिन्यात नवे केले. मीटरबोर्डाच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवला आहे: कोणती एमसीबी कोणत्या खोलीची, तिचे अँपिअर किती, पुढे वायर किती जाडीची. घरात नवे उपकरण आले की आई आधी तो कागद बघते.