चटई उचलून पाहा

तळोद्यात माझं शेतीपंपाच्या मोटारी बांधण्याचं दुकान आहे. तांब्याच्या तारेत आयुष्य गेलं, पण जीव जडला तो फियाटवर. लहानपणी एका रात्री आई अत्यवस्थ झाली, तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी स्वतःच्या फियाटमधून तिला धुळ्याला पोचवलं. वाटभर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आई वाचली. म्हणून २०११ साली नंदुरबारला एक प्रीमिअर पद्मिनी, म्हणजे आपली तीच फियाट, १८ हजारांत मिळतेय असं कळल्यावर मी फार काही पाहिलंच नाही. २०१४ मध्ये ती भंगारात गेली. तोवर तिच्यात सव्वा लाख गेले होते. दुसरी गाडी घेण्याआधी त्या तीन वर्षांत शिकलेलं वहीत लिहून काढलं, ते असं.

१. आधी पत्रा, मग इंजिन.
आपण बॉनेट उघडतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि खूश होतो. मीही तेच केलं. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, साधं. बोअर करून, पिस्टन-रिंगा बदलून ते पुन्हा उभं राहतं. पण या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही. तळाचा पत्रा, दाराखालचे उंबरे आणि खांब हाच तिचा सांगाडा. तळ गंजला म्हणजे गाडीचा कणाच गेला. माझ्या गाडीवर रंग चकचकीत होता. डेंटिंगवाल्याने दाराखाली स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तो आत गेला. तो म्हणाला, "भाऊ, हाई गाडी नही, पुट्टी शे."
आता मी लोहचुंबक फडक्यात गुंडाळून नेतो. दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, बॅटरीखालची जागा, डिकीचा तळ, सगळीकडे लावून पाहतो. जिथे पकडत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे. मग आतली चटई उचलायची. मालक "राहू द्या" म्हणाला तर नक्की उचलायची. आणि जमलं तर गाडी पावसाळ्यात पाहावी. चटईखालची ओल मे महिन्यात दिसत नाही.

२. जीपचं गणित वेगळं.
धडगाव, अक्कलकुव्याकडे जुन्या महिंद्रा जीप अजून मिळतात. तिथे सांगाडा वेगळा आणि बॉडी वर बोल्टने बसवलेली. तळाचा पत्रा सडला तरी कापून नवा घालता येतो. चेसिसला तडा किंवा जोड नसेल, तर पत्र्याला घाबरू नका.

३. कागद नसतील तर गाडी फुकटही नको.
गाडीवर ठोकलेला चेसिस नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहा. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या आमच्याकडच्या अनेक गाड्यांची मूळ नोंद धुळ्याची असते. मूळ मालक वारलेला असेल, तर आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर आणि मग फॉर्म २९-३० भरून तुमच्या. वारस चार असतील तर चौघांची संमती आधी हाती घ्या, पैसे नंतर द्या. मी ज्याच्याकडून घेतली त्याच्या नावावर ती कधीच नव्हती.
१५ वर्षांनंतर नोंदणी ५-५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला त्यासाठी १० हजार रुपये शुल्क आहे. पर्यावरण कर आणि विमा वेगळा. "व्हिंटेजमध्ये टाकून घेऊ" असं काही जण सुचवतात. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार त्यासाठी पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली हवीत आणि गाडीत मोठे फेरफार नकोत. नव्या नोंदणीला २० हजार लागतात. आणि एवढं करून ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

४. गाडीआधी मिस्त्री शोधा.
पॉइंटची गॅप लावणारे आणि कार्बोरेटर कानाने ट्यून करणारे हात आता थोडे उरलेत. माझा मिस्त्री सत्तरीचा होता. मध्येच आजारी पडला आणि काम आठ महिने थांबलं. मुंबईच्या टॅक्सींमुळे पद्मिनीचे सुटे भाग वर्षानुवर्षं मिळत राहिले. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून हटली. आता काच, दिवे, दारांचे हँडल गाडीवर शाबूत असतील तर त्यांची किंमत इंजिनापेक्षा जास्त धरा.

५. सगळी गाडी एकदम उघडू नका.
ही माझी सर्वांत मोठी चूक. उत्साहात सीटा, दारं, वायरिंग, डॅशबोर्ड सगळं काढलं. दीड वर्षाने कुठला बोल्ट कुठला, ते मिस्त्रीला सांगता येईना. अर्धी उघडलेली गाडी कोणी विकतही घेत नाही. आधी ब्रेक, मग पेट्रोलची लाइन, मग वायरिंग. एक काम पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या तर पहिल्याच आठवड्यात बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, ते जुन्या रबराला सोसत नाही.

६. छप्पर आधी.
आमच्याकडचं ऊन आणि त्यानंतरचा पाऊस उघड्यावरच्या गाडीला दोन वर्षांत संपवतो. शेड नसेल तर आधी शेड घाला.

७. ती कशाला हवी आहे, हे घरच्यांना एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.
रोज दुकानात जायला? नको. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी चांदसैलीच्या घाटात रोज उतरवायची नसते, आणि एप्रिलमध्ये रेडिएटर तुमची परीक्षा पाहतो. विकून नफा? खर्च मांडा, उत्तर मिळेल. आठवणीसाठी हवी असेल, तर ते कारण खरं आहे, त्याची लाज बाळगू नका. मात्र आठवणीसाठी घेताना सर्वांत स्वस्त घेऊ नका, खिशाला परवडेल त्यातली सर्वांत धडधाकट घ्या. १८ हजारांची गाडी मला सर्वांत महाग पडली.

दुसरी पद्मिनी मी ९५ हजारांना घेतली. पत्रा मूळचा, कागद पुरे, चालवत घरी आणली. आतापर्यंत तिला ३८ हजार लागले. गेल्या महिन्यात आईला मागच्या सीटवर बसवून प्रकाशाला केदारेश्वराच्या दर्शनाला नेऊन आणलं.