आधी काटा, मग दुकान

सदर बाजार, झाशी

चिरंजीव बाळ यास,

तुझे सागरहून पाठविलेले पत्र पावले. जनरेटरची ट्रॉली ओढणाऱ्या तुझ्या पिकअपचे चारही टायर आता बदलण्यास झाले असून, लग्नसराई सुरू होण्यापूर्वी येथील सदर बाजारात चौकशी करून स्वस्त आणि टिकाऊ असा जोड मी मुक्रर करून ठेवावा, असे तू लिहितोस. चौकशी करण्याची तसदी मी आनंदाने घेईन. परंतु किंमत हे या हिशेबातील शेवटचे कलम आहे, आणि जे पहिले, म्हणजे मागच्या चाकांवर प्रत्यक्ष किती भार येतो हे, त्याचा एकही आकडा तुझ्या पत्रात मला आढळला नाही.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की टायरच्या दुकानाआधी धर्मकाट्यावर जावे. जनरेटर, डिझेलचे पिंप, केबलची वेटोळी आणि बसणारी माणसे, असा नेहमीचा सर्व सरंजाम चढवून व ट्रॉली जोडून प्रथम केवळ पुढची चाके काट्यावर घ्यावीत व वजनाची नोंद करावी. मग ट्रॉली काट्याबाहेरच राहील अशा बेताने मागचीही चाके वर घेऊन दुसरी नोंद करावी. दुसरीतून पहिली वजा जाता जे उरेल तो मागच्या आसावरचा खरा भार. दोन चाकांच्या ट्रॉलीचा दांडा तिच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा गाडीच्या हुकावर टाकतो, आणि हुक आसाच्या मागे असल्यामुळे तरफेच्या न्यायाने मागच्या चाकांवर त्याहून जितका अधिक भार पडतो तितकी पुढची चाके हलकी होतात. चढावर सुकाणू सैल वाटते त्याचे एक कारण बहुधा हेच असते.

तो आकडा हाती आला म्हणजे टायरच्या बाजूवरील अक्षरे सनदेप्रमाणे लक्षपूर्वक वाचावीत. २१५/७५ आर १५ एवढे माप पाहून पुष्कळ लोक थांबतात. पण तुझ्या कामाचा मजकूर त्याच्या पुढे असतो. तेथे १०८/१०६ असे अंक असतील, तर एकेरी चाकाच्या टायरची भारक्षमता १००० किलो आणि जोडचाकांत प्रत्येकी ९५० किलो असा त्याचा अर्थ; तुझ्या गाडीला मागे एकेरी चाके असल्याने तू पहिला अंक धरावास. मागच्या आसावर समजा १७०० किलो भरले, तर प्रत्येक टायरला ८५० आले. तथापि माल दोन्ही बाजूंस समान कधीच बसत नाही आणि खड्ड्यात चाक आदळते तेव्हा भार क्षणभर कितीतरी वाढतो, म्हणून निदान शे-दीडशे किलोंची शिल्लक ठेवल्यावाचून टायर निवडू नये. मात्र अधिक क्षमतेचा टायर घातल्याने गाडीची क्षमता वाढत नाही. नोंदणीपुस्तकात जो एकूण भार लिहिला आहे, तीच कायद्याची आणि गाडीच्या सांगाड्याचीही मर्यादा होय.

त्याच बाजूवर आयएसआयची खूण असावी, आणि बनावटीच्या सांकेतिक क्रमांकातील शेवटचे चार अंक पाहावेत: २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील माल. वर्षानुवर्षे गोदामात पडलेले रबर नवे दिसले तरी नवे नसते.

बांधणीविषयी तू विचारले आहेस. नायलॉनच्या आडव्यातिडव्या दोऱ्यांचा टायर खाणीच्या वाटेवरील धारदार दगड बरे सोसतो, पण वेगाने लांब पल्ला गाठताना अधिक तापतो. उलटपक्षी, फ्रान्समधील मिशेलिन कंपनीने १९४६ साली ज्याचे पेटंट घेतले त्या रेडियल बांधणीत बाजू लवचीक, तळाशी पोलादी पट्टे आणि उष्णता कमी. तुझा बहुतेक प्रवास ललितपूर, तालबेहट, बबिना असा राष्ट्रीय महामार्गाचा आहे, तेव्हा उभ्या रेघांच्या नक्षीचा, अधिक पीआरचा (म्हणजे प्लाय रेटिंगचा) रेडियल हाच तुला योग्य. एकाच आसावर दोन जाती मात्र कधीही मिसळू नयेत, आणि रबर चढवलेले जुने टायर पुढच्या चाकांना तर मुळीच लावू नयेत.

आता हवेविषयी, कारण उत्तम टायर बिघडतो तो बहुधा येथेच. बुंदेलखंडात ज्येष्ठात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि डांबर त्याहूनही तप्त असते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यास अधिक वाकते, वाकण्याने तापते, आणि तापता तापता आतील थर सुटून टायर भर रस्त्यात फुटतो. म्हणून हवा पहाटे, गाडी हलण्यापूर्वी, स्वतःच्या मापकाने भरलेल्या गाडीसाठी कंपनीने नेमून दिलेल्या दाबाबरहुकूम तपासावी. धावून तापल्यावर दाब वाढलेला दिसतो, तो पाहून हवा सोडणे ही मोठी चूक होय.

ट्रॉलीच्या टायरांची हयगय करू नकोस; मालकाचे लक्ष तिकडे सर्वांत शेवटी जाते. कायद्याने नक्षीची खोली १.६ मिलिमीटर उरेपर्यंत टायर चालतो, पण पावसात ओझे ओढणाऱ्याने ३ वर आल्यावरच निरोप द्यावा. आणि चार एकदम घेणे परवडत नसेल, तर नवे दोन मागे लाव.

बाळ, भाड्याचा धंदा करणाऱ्याने स्वतःची जोखीम पत्करावी, दुसऱ्याची पत्करण्याचा त्याला अधिकार नाही. तुझ्या ट्रॉलीमागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराने तुझ्याशी कोणताही करार केलेला नसतो. तुझा चालक आपल्या मुलाबाळांना घरी ठेवून तुझ्या शब्दावर विसंबून निघतो. चार-पाच हजार रुपये वाचविल्याचे समाधान या विश्वासापुढे कवडीमोलाचे आहे. ट्रॉलीवर जनरेटर सांभाळणाऱ्या मुलाला बसू देत असशील, तर ती चाल आजच बंद कर.

काट्याच्या दोन्ही पावत्या आणि ट्रॉलीच्या टायरांवरील अंक टपालाने पाठव. ते हाती आले की त्याच दिवशी मी दुकानात जाईन, तारीख वाचून माल निवडीन आणि पक्की पावती घेऊन ठेवीन. चाके बसविल्यावर पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरांनंतर नट पुन्हा आवळण्यास विसरू नकोस. वहिनींस नमस्कार.

तुझा काका