समुदाय आरोग्य अधिकारी : पात्रता आणि तिचा अर्थ

ग्रामीण आरोग्य व्यवस्थेची पहिली पायरी म्हणजे उपकेंद्र. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असे त्याचे प्रमाण ठरविण्यात आले आहे. अनेक वर्षे या उपकेंद्राचा कारभार मुख्यतः आरोग्यसेविका आणि आरोग्यसेवक यांच्यावर सोपविलेला होता. गरोदर मातांची तपासणी, बालकांचे लसीकरण, कुटुंबनियोजन आणि साथीच्या रोगांवर देखरेख ही कामे त्यांनी निष्ठेने केली. परंतु रक्तदाब, मधुमेह, कर्करोग यांसारखे दीर्घकाळ चालणारे आजार खेड्यापाड्यांतही वाढू लागले, तेव्हा एवढी व्यवस्था पुरेशी नाही हे स्पष्ट झाले. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दरमहा तालुक्याच्या गावी जाणारा शेतमजूर एका दिवसाची मजुरी गमावतो. चारदोन महिन्यांनी तो जाणेच सोडून देतो आणि पुढे पक्षाघात झाल्यावरच रुग्णालयाची पायरी चढतो. ही साखळी गावातच तोडता यावी, या हेतूने उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी हे पद निर्माण करण्यात आले. या पदासाठी कोण पात्र ठरतो आणि ती पात्रता तशीच का ठेवण्यात आली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पदाची पार्श्वभूमी

सन १९४६ मध्ये भोर समितीने आपल्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली. सन १९७८ च्या अल्मा-आटा घोषणेने प्राथमिक आरोग्यसेवेस जागतिक मान्यता दिली. आपल्या राज्यात त्याही आधी, सन १९७० पासून, जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी गावातील सामान्य स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्याचे काम लोकांच्या दारापर्यंत नेता येते, हे दाखवून दिले होते. सन २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यावर आशा स्वयंसेविका गावोगावी आल्या. सन २०१७ चे राष्ट्रीय आरोग्य धोरण आणि सन २०१८ ची आयुष्मान भारत योजना यांनुसार उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत करण्याचे काम हाती घेण्यात आले. सन २०२३ पासून ही केंद्रे आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने ओळखली जातात. नाव बदलले तरी मूळ हेतू तोच आहे : पूर्वीच्या माता-बालसंगोपनाच्या सेवांत भर घालून एकूण १२ प्रकारच्या सेवा गावाजवळ मिळाव्यात.

पात्रतेचे तीन टप्पे

या पदाची पात्रता तीन टप्प्यांत समजून घेणे सोयीचे ठरते.

पहिला टप्पा मूळ शैक्षणिक अर्हतेचा. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सामुदायिक आरोग्य या विषयातील बी.एस्सी. पदवीधर, परिचर्येतील जी.एन.एम. पदविका किंवा बी.एस्सी. नर्सिंग पदवी धारण करणारे उमेदवार, तसेच आयुर्वेदाचे पदवीधर यांचा या पदासाठी विचार होतो. महाराष्ट्रात झालेल्या भरतीत बी.ए.एम.एस. पदवीधरांबरोबर युनानी शाखेच्या बी.यू.एम.एस. पदवीधरांनाही संधी देण्यात आली. केवळ ए.एन.एम. अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या आरोग्यसेविकेस थेट या पदावर येता येत नाही. त्यासाठी तिने प्रथम जी.एन.एम. किंवा पदवी अभ्यासक्रम पूर्ण करणे आवश्यक असते.

दुसरा टप्पा सहा महिन्यांच्या सामुदायिक आरोग्य प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचा. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ किंवा राज्यातील आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांसारख्या संस्थांमार्फत तो घेण्यात येतो. ज्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात हा भाग आधीच समाविष्ट करण्यात आला आहे, तो उत्तीर्ण झालेल्या उमेदवारांस वेगळे सहा महिने द्यावे लागत नाहीत. मात्र तसा स्पष्ट दाखला त्यांच्यापाशी असला पाहिजे.

तिसरा टप्पा नोंदणीचा. परिचर्या शाखेच्या उमेदवाराची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे, तर आयुर्वेद व युनानी पदवीधराची त्याच्या शाखेच्या परिषदेकडे नोंदणी झालेली असावी लागते आणि ती चालू मुदतीतील असावी लागते. पदवी आहे, गुणही चांगले आहेत, परंतु नोंदणीचे नूतनीकरण राहून गेले, एवढ्या कारणाने अर्ज बाद होऊ शकतो.

वयोमर्यादा, राखीव जागा, अधिवासाची अट आणि जोडावयाची प्रमाणपत्रे या बाबी त्या त्या वेळच्या जाहिरातीनुसार ठरतात. म्हणून अर्जापूर्वी मूळ जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे हाच सुरक्षित मार्ग होय.

अटींमागील तर्क

एवढ्या अटी कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येतो. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या रोजच्या कामाकडे पाहिले की त्याचे उत्तर मिळते. तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाची रक्तदाब व मधुमेहासाठी तपासणी करणे, मुखाच्या कर्करोगाची आणि स्त्रियांच्या बाबतीत स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक चाचपणी करणे, वैद्यकीय अधिकाऱ्याने सुरू केलेले औषध रुग्णास नियमितपणे देणे, ई-संजीवनी दूरसंवाद सेवेद्वारे डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणे ही कामे त्यास करावयाची असतात. यात सर्वांत कठीण काम असते ते निर्णयाचे. कोणत्या रुग्णावर येथेच उपचार करावयाचे आणि कोणास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवावयाचे, हे त्यास काही मिनिटांत ठरवावे लागते. परिचारिकेस रुग्णसेवेचा सराव असतो, आयुर्वेद पदवीधरास रोगपरीक्षेचा. परंतु संपूर्ण गावाच्या आरोग्याची पाहणी, नोंदी व नियोजन यांचा सराव दोघांनाही कमीच मिळालेला असतो. ही उणीव भरून काढणे हे सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाचे प्रयोजन आहे.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. हा अधिकारी प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मार्गदर्शनाखाली काम करतो. तो त्याची जागा घेत नाही. म्हणून प्रत्येक तापास इंजेक्शन किंवा सलाईन लावावे, असा आग्रह ग्रामस्थांनी धरणे योग्य नव्हे. त्याच्या अधिकाराच्या मर्यादा रुग्णाच्या सुरक्षिततेसाठीच आखलेल्या आहेत, हे पंचायत सदस्यांनी लोकांस समजावून सांगितले तर अधिकाऱ्यावरील अनाठायी दडपण कमी होईल.

सेवेचे स्वरूप

ही नेमणूक राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत कंत्राटी स्वरूपाची असते. मासिक मानधनाचा एक भाग ठरलेला, तर दुसरा भाग कामगिरीवर आधारित असतो. म्हणजे किती लोकांची तपासणी झाली, किती रुग्णांचा पाठपुरावा झाला, यावर मोबदल्याचा काही अंश अवलंबून राहतो. नियमित शासकीय सेवेतील पद आणि हे पद यांतील हा फरक उमेदवार व पालक यांनी अर्ज करण्यापूर्वीच नीट जाणून घ्यावा.

शिक्षकांचे कर्तव्य

बारावीनंतर काय करावे, हा प्रश्न ग्रामीण विद्यार्थ्यांपुढे, विशेषतः मुलींपुढे, मोठा असतो. त्याचे उत्तर मात्र पुष्कळदा दहावीनंतर शाखा निवडतानाच ठरून जाते. बी.एस्सी. नर्सिंगसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय बारावीस असावे लागतात. बी.ए.एम.एस.साठी विज्ञान शाखेबरोबर राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी लागते. जी.एन.एम.कडे अन्य शाखांतील विद्यार्थ्यांनाही जाता येते; मात्र इंग्रजी विषय आवश्यक आहे. ही माहिती शिक्षकांनी वेळीच दिली, तर एखाद्या हुशार मुलीची वाट केवळ अज्ञानामुळे बंद होणार नाही.

दुसरी सूचना अधिक गंभीर आहे. सामुदायिक आरोग्याशी मिळतेजुळते नाव असलेले प्रमाणपत्र देऊन नोकरीची हमी देणाऱ्या खाजगी संस्थांपासून सावध राहिले पाहिजे. मूळ अर्हता व नोंदणी नसताना असे प्रमाणपत्र या पदासाठी उपयोगी पडत नाही. महाराष्ट्रातील भरतीत उमेदवाराची प्रथम निवड होऊन नंतर त्यास शासनातर्फे प्रशिक्षणास पाठविण्यात आले आहे. आधी फी भरा, मग नोकरी निश्चित, असे कोणी सांगत असेल तर पालकांनी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात चौकशी केल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये. दागिना मोडून किंवा जमीन गहाण ठेवून भरलेली फी परत मिळविणे फार कठीण असते.

पंचायतीचा वाटा

उपकेंद्र पातळीवरील जन आरोग्य समितीचे अध्यक्षपद सरपंचाकडे, तर सदस्य-सचिवपद समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे असते. केंद्राच्या इमारतीची दुरुस्ती, पाणी, वीज, औषधांचा साठा आणि निधीचा विनियोग यांचा आढावा ही समिती घेऊ शकते. रात्री-अपरात्री येणाऱ्या रुग्णासाठी अधिकारी गावातच हवा असेल, तर राहण्यास सुरक्षित जागा उपलब्ध करून देण्यासाठी पंचायतीने पुढाकार घेतला पाहिजे. परगावाहून आलेल्या तरुण परिचारिकेस गावाने आपलेपणा दिला, तर तिची बदलीची ओढ आपोआप कमी होते.

शासन नियमांनी पात्रता ठरवू शकते, परीक्षा घेऊ शकते, नेमणूक देऊ शकते. परंतु पात्र व्यक्ती गावात टिकणे आणि तिच्या ज्ञानाचा लाभ शेवटच्या घरापर्यंत पोहोचणे, हे गावाच्या सहकार्यावर अवलंबून आहे. अधिकारी, शिक्षक आणि लोकप्रतिनिधी यांनी आपापला वाटा उचलला, तर रक्तदाबाच्या गोळीसाठी कोणाही शेतमजुरास दिवसाची मजुरी गमवावी लागणार नाही.