चिठ्ठीतल्या शब्दाचं शेपूट ओळखा



मागच्या बैठकीत एक ताई कर्जाचा हप्ता पुढे ढकला म्हणून सांगायला आली. गटाच्या कर्जातून घेतलेली तिची म्हैस सातव्या महिन्यात गाभडली होती. पासबुकात डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘ब्रुसेलोसिसचा संशय, रक्त तपासा.’ घरात ती कोणी वाचलीच नाही. दृष्ट लागली असं समजून ताईने वार उघड्या हातांनी उचलून उकिरड्यावर टाकली. आता तिलाच थांबून थांबून ताप येतो. तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीला पाठवलं आहे.

म्हणून आजचा धडा या शब्दांचा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यात लम्पी आला, तेव्हा तो शब्द आपण आठवड्यात शिकलो. मग हेही जमेल.

लांब शब्द दिसला की त्याचं शेपूट बघा. अहिराणीत आपण ‘गायले चारा टाक’ म्हणतो. ‘ले’ लागलं की चारा कोणाला ते कळतं. ‘कर्ज’ला ‘दार’ लागलं की माणूस कळतो. डॉक्टरी शब्दांचंही तसंच. पुढचा भाग बहुतेक वेळा अवयव किंवा जंतू सांगतो, शेपूट दुखण्याचा प्रकार सांगतं.

१. आयटिस – दाह, सूज. मॅस्टायटिस म्हणजे कासेचा दाह, आपली दगडी. कास गरम, कडक होते, दुधात गाठी येतात. रोज पहिल्या दोन-चार धारा काळ्या कपड्यावर काढून बघा. औषध चालू असताना डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध डेअरीला घालू नका.

२. ओसिस – आजाराची अवस्था. पुढे जंतूचं नाव असेल तर त्या जंतूचा आजार. थायलेरिया जंतूचा थायलेरिओसिस, म्हणजे गोचीड ताप. ब्रुसेला जंतूचा ब्रुसेलोसिस, ज्यात जनावर गाभडतं. हा माणसालाही होतो. वार, मेलेलं वासरू उघड्या हाताने धरू नका. हातमोजे घाला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. दूध उकळूनच प्या. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना याची लस एकदाच टोचून घ्या.

३. इमिया – रक्तातली गोष्ट. हायपोकॅल्सेमिया म्हणजे रक्तात कॅल्शियम कमी. ‘हायपो’ म्हणजे कमी. यालाच आपण मिल्क फीवर म्हणतो, पण फीवर ऐकून फसू नका. व्यायल्यावर गाय बसते, मान कुशीकडे वळवते, कान गार पडतात. अंग तापत नाही, थंड पडतं. अशा गायीला तोंडातून तेल, औषध पाजू नका, ते फुप्फुसात जातं. शिरेतून कॅल्शियम डॉक्टरांनीच द्यावं. घाईने दिलं तर हृदयावर ताण येतो.

४. टॉमी – चिरून उघडणं. रुमेनोटॉमी म्हणजे जनावराचं मोठं पोट उघडून आत अडकलेलं प्लास्टिक, तार काढणं. हा शब्द ऐकला की ऑपरेशन आहे हे समजा. खर्च किती, नंतर काळजी काय, हे आधीच विचारा. आणि शिळं अन्न पिशवीसकट उकिरड्यावर टाकू नका.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. शेपूट ओळखलं म्हणजे आपण डॉक्टर झालो नाही. शेजारणीच्या गायीचं उरलेलं इंजेक्शन आपल्या गायीला देऊ नका. शेपूट ओळखायचं ते नीट प्रश्न विचारण्यासाठी: सूज कुठे आहे? जंतू दुसऱ्या जनावराला लागेल का? आम्हाला लागेल का? दूध किती दिवस वेगळं ठेवायचं? चिठ्ठी कळली नाही तर डॉक्टरांनाच म्हणा, ‘साहेब, मराठीत सांगा.’ त्यात लाज कसली? जनावर आपलं, हप्ताही आपलाच. अडीनडीला १९६२ हा फुकट नंबर आहे, तो गोठ्याच्या दारावर लिहून ठेवा.

घरचा अभ्यास: ‘मेट्रा’ म्हणजे गर्भाशय, तर मेट्रायटिस म्हणजे काय? बबेसिया हा गोचिडातून येणारा जंतू, तर बबेसिओसिस म्हणजे काय? वहीत लिहून आणा. घरात डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या असतील तर त्याही आणा. पुढच्या बैठकीत, हप्ते जमा झाले की, एकेक शब्द मिळून वाचू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक